पाणी किती वाजताचं, तेवढं सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महापुराच्या काळात वृत्तवाहिन्यांनी लोकांपर्यंत वेळेवर माहिती पोचवली, असं कालच्या अंकातल्या लेखात ठासून लिहिलं आहे. लेख दोनदा वाचला. आमच्या घरापुरतं तरी हे खरं नाही, म्हणून लिहिते आहे.

२०१९ चा ऑगस्ट. ५ तारखेला सोमवार होता, नागपंचमी होती, आणि त्याच दिवशी ३७० कलमाचा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी रात्री सुषमा स्वराज गेल्या. दोन्ही बातम्या मोठ्या होत्या, त्या दाखवायलाच हव्या होत्या, याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच दोन दिवसांत कृष्णा इशारा पातळी ओलांडून धोका पातळीच्याही वर गेली होती, आणि आमच्या टीव्हीवर ती फक्त खालच्या पट्टीत होती.

सांगलीत नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाचा हिशोब कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ मोजलेल्या पातळीवर असतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे शाळकरी पोरही सांगेल. त्यापुढे प्रत्येक घराचा आपला आकडा असतो. आम्ही मारुती चौकाजवळ राहतो, आमच्या पायरीला पन्नासच्या आसपास पाणी लागतं. हे २००५ ने शिकवलं. त्यामुळे पुरात आम्हाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात : आयर्विनला आता किती, आणि कोयना धरणातून किती सोडलंय. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळून इथवर यायला तासन्‌तास लागतात. वारणा हरिपूरला येऊन मिळते, ती भरून आली की कृष्णेचं पाणी तुंबून आमच्याकडे फूग येते. म्हणजे आकडा किती वाजताचा आहे, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. वेळ न सांगता दिलेला जुना आकडा माहिती नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्यावर विसंबतो.

आम्ही विसंबलो. ६ तारखेला सकाळी एका मराठी वाहिनीच्या पट्टीत येत होतं, ‘सांगलीत कृष्णेची पातळी स्थिर’. किती वाजता स्थिर, कोणी मोजली, काही नाही. वरच्या चौकोनांत सात-आठ माणसं एकमेकांवर ओरडत होती. सासूबाई तेव्हा ८४ वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. हे म्हणाले, पाणी स्थिर आहे तर आईंना एवढ्या पावसात कशाला हलवायचं. मलाही ते पटलं. धान्याचे डबे तेवढे माळ्यावर टाकले आणि थांबलो.

दुपारी शेजारचा मुलगा पुलावरून भिजत आला. म्हणाला, “काकू, अजून चढतंय. ते टीव्हीवरचं कालचं असणार.” मी पुन्हा टीव्ही लावला. पट्टी तीच होती, शब्दानं बदललेली नव्हती. संध्याकाळी पायरी बुडाली आणि लाईट गेले. गल्लीतल्या चार पोरांनी सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि कमरेइतक्या पाण्यातून अंधारात बाहेर काढलं. त्यांची गोळ्यांची पिशवी स्वयंपाकघरातच राहिली. सकाळी निघालो असतो तर रिक्षाने, सामानासकट गेलो असतो. त्यानंतरच्या पावसाळ्यांत सासूबाईंनी टीव्हीवरची पातळी कधी ऐकून घेतली नाही. नातवाला पुलावर पाठवायच्या आणि तो येईपर्यंत दारात बसून राहायच्या.

८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली, आणि मग कॅमेरे आले. पाण्यात उभं राहून बोलणारे वार्ताहर आले. निवारा केंद्रातल्या बायकांच्या तोंडापुढे माईक धरून ‘आता काय वाटतंय’ असं विचारणं सुरू झालं. त्यानंतर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरच्या चर्चा झाल्या. अलमट्टी हा आमच्या जिव्हाळ्याचाच विषय आहे, त्यावर जरूर बोला, पण दारात पाणी असताना माणसाला आधी आजचा आकडा लागतो.

सप्टेंबरात मी त्या वाहिनीला रजिस्टर पत्र पाठवलं. तारीख, वेळ, पट्टीतला मजकूर, सगळं लिहिलं. पोचपावती माझ्याकडे आहे, उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. आता २०२१ पासून नियम असा आहे की प्रेक्षकाच्या तक्रारीवर वाहिनीने १५ दिवसांत निर्णय कळवायचा. चांगलं आहे. पण किती घरांत हा नियम माहीत आहे? आपल्या लेखात त्याचं एक वाक्य असतं तर वाचकांना उपयोग झाला असता.

मी फार मोठं काही मागत नाही. स्टुडिओतली चर्चा स्वस्त पडते आणि गाडी, कॅमेरा, माणसं सांगलीपर्यंत पाठवायला पैसे लागतात, हे मला कळतं. पण पट्टीत ‘आयर्विन पूल, दुपारी २ वाजता’ एवढे शब्द घालायला काय खर्च आहे? पातळी पाटबंधारे खातं देतंच. मतमोजणीच्या दिवशी याच वाहिन्या कितव्या फेरीचा आकडा आहे ते मिनिटामिनिटाला सांगतात. त्या दिवशी सकाळचा आकडा दुपारपर्यंत पट्टीत राहतो का? नाही राहत, कारण तो आकडा त्यांना महत्त्वाचा वाटतो. आमचाही तितकाच महत्त्वाचा वाटावा, एवढंच माझं मागणं आहे.

आता पत्र लिहितेच आहे तर आपल्याबद्दलही लिहिते. पूर्वी पावसाळाभर आपल्या दुसऱ्या पानावर धरणसाठ्याची चौकट यायची. कोयना, वारणा, राधानगरी, प्रत्येकाचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये आणि खाली ‘सकाळी ८ ची नोंद’ असं स्पष्ट छापलेलं. आमच्याकडे ती चौकट कापून फ्रिजवर लावायचे. यंदा त्या जागी फ्लॅटच्या जाहिराती येत आहेत, आणि चौकट कधी आतल्या पानावर येते, कधी येतच नाही. गेल्या आठवड्यात तीन दिवस नव्हती. वाहिन्यांचं कौतुक करायला आपल्याकडे अर्धं पान निघालं, मग या चौकटीला चार इंच जागा का निघत नाही?

कोयना भरत आली आहे आणि पावसाचे अजून दोन महिने बाकी आहेत. चौकट उद्यापासून पुन्हा दुसऱ्या पानावर घ्यावी, वेळेसकट.

आपली,
एक नियमित वाचक, मारुती चौक, सांगली