रिवण आणि उसगाळीमळ

मडगाव, रविवार

तीर्थरूप आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल मैत्रिणींबरोबर केप्यावरून रिवण आणि तेथून कुशावतीच्या काठावरील उसगाळीमळ अशी दिवसभराची भटकंती झाली. आईला सापांची धास्ती होती, म्हणून आधी तेच सांगते: साप दिसला नाही, वटवाघळे मात्र भरपूर होती.

रिवणच्या गुहा जांभ्यात कोरलेल्या असून सहाव्या-सातव्या शतकात तेथे बौद्ध भिक्षूंचा निवास असावा, असे मानले जाते. एका गुहेच्या तोंडाशी दगडातच कोरलेला मारुती आहे. आत वाकूनच शिरावे लागते आणि टॉर्चशिवाय पुढचे पाऊल दिसत नाही. बाबा, खाणीतून नुकताच काढलेला जांभ्याचा चिरा मऊ असतो आणि हवा लागली की टणक होत जातो, हे घर बांधताना तुम्ही सांगितले होते. भिंतीला हात लावताना तेच आठवले. बाहेर मात्र माणसाहून उंच धोंड्यांमधून शेवाळावर पाय जपत उतरावे लागते, तेव्हा आईच्या गुडघ्यांचा विचार करता रिवणचा बेत नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

उसगाळीमळची गोष्ट वेगळी. नदीकाठच्या जांभ्याच्या सपाट कातळावर शंभरावर आकृत्या कोरलेल्या आहेत. पूर्वी त्या गुराख्यांनी कोरल्या, अशी गावात समजूत होती. १९९३ साली गावकऱ्यांनी दाखवल्यावर अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले आणि त्या प्रागैतिहासिक असल्याचे पुढे आले. लांब शिंगांचे बैल, हरणे, मोर, नाचणारी बाई असे बरेच काही आहे. पण मी सर्वांत जास्त वेळ बसले ती चक्रव्यूहापाशी. एकात एक वळत गेलेल्या त्याच्या खाचांत पावसाळ्यातली बारीक माती साचली होती आणि तिच्यामुळेच रेषा उठून दिसत होत्या. डोक्यावर ऊन आले की त्याच रेषा कातळात हरवतात, त्यामुळे दुपारी पोहोचलेल्यांना तेथे काही विशेष दिसत नाही आणि ते नाके मुरडून परततात.

तुम्ही दोघांनी हे पाहावे, अशी माझी फार इच्छा आहे. तुळशीचे लग्न झाले की शनिवारीच मडगावला मुक्कामाला यावे, म्हणजे रविवारी पहाटे निघून कोवळ्या उन्हात कातळावर पोहोचता येईल. आईने काठी आणि बाबांनी टोपी विसरू नये.

तुमची,
लेक