‘मंगळ नको’चे पैसे घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातल्या वधू-वर जाहिराती मी हातात पेन घेऊन वाचते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मिरजेतल्या एका वधू-वर सूचक मंडळात रविवारी सकाळी टेबलावर बसते, अर्ज भरून घेते, फाइल दाखवते, नंबर देते. त्या टेबलावर जे दिसतं त्याबद्दल चार ओळी लिहायच्या आहेत, आणि एक मागणी थेट आपल्याकडेच आहे.

परवा एक जोडपं आलं. मुलगा बँकेत. बाई फाइल चाळता चाळता एका फोटोवर थांबल्या. कव्हरातून फोटो बाहेर काढून नवऱ्याला म्हणाल्या, “बघा तरी, अगदी आपल्या ताईची ठेवण.” शिक्षण पसंत, उंची पसंत, गाव तर तासाभराच्या अंतरावर. मग पान उलटलं. नक्षत्र विशाखा. फोटो मुकाट्यानं कव्हरात परत गेला. “आमचा धाकटा आहे ना हो,” त्या मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला आणि विशाखाची धाकट्या दिराला. २७ नक्षत्रांपैकी ही ४. म्हणजे ढोबळमानानं दर सात मुलींमागे एक मुलगी पाळण्यात असल्यापासून कुणाच्या तरी जिवावर उठलेली. जावई आपल्या सासऱ्याला जड जाईल का, म्हणून त्याचं नक्षत्र विचारणारं माणूस मात्र मला टेबलावर अजून भेटायचं आहे.

मंगळाचा हिशेब याहून भारी. पत्रिकेत १२ घरं. त्यातल्या १, ४, ७, ८ किंवा १२ या घरात मंगळ असला की मंगळदोष. बारातली पाच घरं धरली तर शंभरातली चाळीसेक मुलं-मुली मंगळाची निघतात. एवढ्यांची लग्नं अडली तर समाज चालणार कसा? म्हणून मग अपवाद आले, सौम्य मंगळ आला, शांत आली. कुंभविवाह आला, ज्यात मुलीचं आधी मडक्याशी लग्न लावायचं आणि मडकं पाण्यात सोडायचं. मुलाचा मंगळ बहुधा सौम्यच निघतो, हे माझं टेबलावरचं निरीक्षण. (मंगळयानाचा दाखला मी देणार नाही. तो ऐकून लोक हसतात आणि पत्रिका पुढे करतात.)

आईबाप तरी काय करणार? एका वडिलांनी माझ्यापुढे एकाच मुलीच्या दोन पत्रिका ठेवल्या. तारीख एक, गाव एक, जन्मवेळेत चाळीस मिनिटांचा फरक. लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, जिच्यापासून घरं मोजतात, ती साधारण दोन तासांनी बदलते, तेव्हा जन्म सीमेवरचा असेल तर एवढ्या फरकानं मंगळ आठव्या घरातून निघून नवव्यात जातो. “दवाखान्यातलं घड्याळ पुढं होतं मॅडम, ही दुसरीच लावा,” ते खालच्या आवाजात म्हणाले. मुलगी शेजारीच बसली होती. एम. फार्म. झालेली, पुण्यात नोकरी. ती भिंतीवरच्या सूचना वाचत होती. मी दुसरी लावली, आणि अजून लावते. जो रकाना माणसाला खोटं बोलायला लावतो, त्यात खरं लिहिल्यानं भलं कुणाचं होणार?

आता दुसरी बाजू. पत्रिका नकाराला फार सोयीची आहे. मुलगी सावळी आहे, मुलाचा पगार कमी आहे, पोटजात वेगळी आहे, हे तोंडावर कोण बोलणार? “पत्रिका जुळत नाही” म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही, हे मला मान्य आहे. तासगावकडचा एक मुलगा आहे. चार एकर द्राक्षबाग, बी. एस्सी. ॲग्री, बोलायला नीटस. त्याचा अर्ज मी एका मुलीकडच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. पंधरा मिनिटांत उत्तर आलं, “पत्रिका जुळत नाही.” त्या अर्जासोबत मी पत्रिका जोडलीच नव्हती. शेती हवी पण शेतकरी नको, ही आपल्याकडची नवी जात आहे आणि ती मुलीकडच्यांनी काढली आहे, हेही लिहायला हवं. त्या मुलाला खरं कारण कळलं असतं तर तो दोन शब्द ऐकवू तरी शकला असता. ग्रहांशी वाद घालता येत नाही.

लग्न झालं म्हणजे हे संपलं असंही नाही. आमच्या गल्लीतल्या एका घरात सून येऊन वर्ष व्हायच्या आत सासरे हार्ट अटॅकनं गेले. वीस वर्षांचा मधुमेह, तंबाखू सुटलेली नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत. तरी दहाव्याला ओसरीवर कुजबुज झालीच, “मूळ नक्षत्र लपवलं होतं म्हणे.” सून आत भात वाढत होती, तिनं ऐकलं. त्याहून वाईट म्हणजे नवऱ्यानं ऐकलं आणि तो काहीच बोलला नाही. आता दोघं एका घरात राहतात आणि एकमेकांशी भाजीपुरतं बोलतात. दोष मधुमेहाला दिला असता तर हे घर शाबूत राहिलं असतं.

“अहो, अनुभव येतो म्हणून तर लोक बघतात” असं मला नेहमी ऐकवतात. अनुभवाची मोजणी पुण्यात झालेली आहे. दिवंगत खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी २००८ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. कोणती कुणाची एवढंच ज्योतिषांनी सांगायचं होतं. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. ज्या शास्त्राला एवढा मोठा फरक दिसला नाही, त्याला धाकट्या दिराचं आयुष्य दिसतं?

आणि जे खरोखर जुळवायला हवं ते आम्ही विचारतच नाही. एकनाड, म्हणजे पत्रिकेत दोघांची नाडी एकच आली, की रक्तगटही एकच, म्हणून मुलं होत नाहीत, अशी समजूत शिकलेल्या घरांतही आहे. नाडीचा आणि रक्तगटाचा काही संबंध नाही आणि रक्तगट एक असल्यानं काही बिघडत नाही. नाड्या तीनच, त्यामुळे दर तीन स्थळांमागे साधारण एक या कारणानं बाद होतं. उलट दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि वाहक आहे की नाही हे रक्ततपासणीत कळतं. आमच्या अर्जात रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी असे पाच रकाने आहेत. या तपासणीला एकही नाही. डोक्यावरच्या कर्जालाही नाही, जे लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला बाहेर येतं.

मी मंडळाला लेखी दिलं आहे की हे पाच रकाने छापील अर्जातून काढावेत. ज्याला पत्रिका बघायची त्यानं आपली आपण मागून घ्यावी, कुणी अडवलेलं नाही. अध्यक्ष म्हणाले, “वर्गणी घटेल.” खजिनदार म्हणाले, “बघू पुढच्या मीटिंगला.”

आपल्याकडे मागणी याहून छोटी आहे. वधू-वर जाहिरातीत ‘मंगळ नको’ आणि ‘गोरीच हवी’ या मजकुराचे पैसे घेणं बंद करावं. निम्मी जागा त्यातच जाते. तेवढ्या जागेत मुलगा काय वाचतो, मुलगी कुठं राहायला तयार आहे, आईवडील बरोबर राहणार का, हे मावेल. आणि आपण खरंच असं केलंत तर ते कात्रण मला पुढच्या मीटिंगला उपयोगी पडेल.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज
(रविवारी त्याच टेबलावर बसायचं आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)