मिस्त्रीमामा, तुमच्या तळहाताला दंडवत

मिस्त्रीमामा,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही "ऱ्हाऊ दे की ओ" म्हणून पिशवी उचलता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहितोय.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरानं 2019 चा महापूर सोसला, 2021 चाही. पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आमच्या पोटात गोळा येतो. आबांच्या खोलीचं सागवानी दार त्यातून तगलं, पण बिजागऱ्या गंजल्या, स्क्रूची भोकं सैल झाली आणि दार उंबऱ्याला घासायला लागलं. मग जे दुरुस्तीला आले त्यांनी नवी बिजागरी जुन्या खाचेवर तशीच चढवली, स्क्रू हातोडीनं ठोकले आणि वर सल्ला दिला, "जुनं फेका, फायबरचं बसवा." पैसे मात्र मोजून घेतले. राग आजही जात नाही.

तुम्ही चौकटीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "दार चांगलं हाय की. बसवणाऱ्यानं वाट लावलीया." आबांचा चेहरा तेवढ्यानंच खुलला.

जुनी भोकं तुम्ही सागाच्या खुंट्यांनी बुजवलीत. बिजागरीचं पान लाकडावर धरून सुरीच्या टोकानं कड आखलीत. खाच पानाच्या जाडीएवढीच हवी. जास्त खोल गेली तर दार बिजागरीकडं अडतं, उथळ राहिली तर फट पडते, हे मला त्या दिवशी कळलं. पितळी स्क्रू मऊ, जोर लावला की मान तुटते. म्हणून गिरमिटानं भोक पाडून त्यात आधी लोखंडी स्क्रू फिरवून काढलात, मगच मेण लावून पितळी बसवलात. खाचेच्या कोपऱ्यातला भुसा काढायचं ते तोंडाशी वाकवलेलं अरुंद हत्यार तर मी कुठल्याच दुकानात पाहिलेलं नाही. तुमच्या वडिलांचं, म्हणालात.

पण मामा, हे पत्र त्यासाठी नाही. आबा रात्रभर खोकत होते. दुपारी त्यांचा डोळा लागला. तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही आत एकदा पाहिलंत, पटाशीवर ठोकायची लाकडी मोगरी हळूच पोत्यावर ठेवलीत आणि राहिलेली सगळी खाच पटाशी नुसत्या तळहातानं रेटून काढलीत. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल सुटत होती. हात लाल झाला होता. वेळ किती तरी जास्त गेला, मजुरी मात्र ठरली तेवढीच घेतलीत.

परक्या घरातल्या म्हाताऱ्याची झोप मोडू नये, एवढं ज्याला आपसूक सुचतं, त्याच्या हाती आपलं घर बिनघोर सोपवावं. अशी माणसं कोल्हापुरात अजून आहेत, हा मला मोठा आधार वाटतो.

मागच्या पडवीचं दार तसंच आहे. तुमच्याशिवाय कुणालाही हात लावू देणार नाही, सवडीनं या. आणि खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडाल, तेव्हा नारळ घेऊन मी येतोय. आबाही येतो म्हणतायत.

आपला,
आबांचा थोरला