होडीची मागची फळी पावसात उघडू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात १ जूनला मासेमारीबंदी लागते, त्या सुमारास मालीमपासून तळपणपर्यंत फायबरच्या होड्या वर ओढल्या जातात, निळे प्लास्टिक चढते आणि ३१ जुलैच्या आत सगळी डागडुजी उरकायची घाई सुरू होते. आतली साफसफाई, जाळ्यांची कामे या दिवसांत खुशाल करावीत. पण जुन्या होडीची मागची फळी, म्हणजे आउटबोर्ड इंजिन ज्यावर बसते तो ट्रान्सम, भर पावसात उघडून त्याच पावसात बंद करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. दोन हंगामांत फळी पुन्हा हलू लागते.

ही फळी बाहेरून नुसती फायबरची दिसली तरी जुन्या होड्यांत तिच्या पोटात बहुधा प्लाय असतो. पाणी आत शिरते ते भोकांतून. इंजिनाचे बोल्ट, सेन्सरचे स्क्रू, पाणी सोडायच्या बुचाचे भोक. बूच सर्वांत खाली असल्यामुळे कुजण्याची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. तपासायला प्लास्टिकच्या हातोडीने फळीभर ठोकत जावे. टणक आवाज जिथे बद्द होईल तिथे खडूने खूण करावी आणि आतल्या बाजूने ६ मिमीचे भोक प्लायपुरते पाडून निघणारा भुसा बोटांत चोळून पाहावा. फिकट आणि भुरभुरीत असेल तर लाकूड शाबूत आहे. काळपट, कुबट वासाचा लगदा निघाला तर फळी गेलीच. अशा फळीवर बाहेरून काचतंतूंच्या मॅटचा एक थर किंवा पत्रा मारून बोल्ट आवळले जातात, तेव्हा पाणी आतच कोंडते आणि कुजणे चालूच राहते.

खरा उपाय आतून आहे. आधी तळाला भक्कम टेकू द्यावेत, फळीची उंची आणि कल मोजून लिहून ठेवावा. इंजिन १५ इंची शाफ्टचे आहे की २० इंची, त्यावर ही उंची ठरलेली असते. बाहेरच्या थराला दोन सरळ लोखंडी अँगल बांधावेत. नाहीतर प्लाय काढल्यावर तो थर बाक धरतो आणि नवा प्लाय त्याच बाकात कायमचा बसतो. मग कडेला ५० ते ७५ मिमी पट्टी सोडून आतला थर कापावा, प्लाय खरवडून काढावा, सारे गोड्या पाण्याने धुवावे, कारण राहिलेले मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते.

यापुढचा टप्पा पावसात जमत नाही. वाळलेल्या भागावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसले तर अजून थांबावे. जुलैत उघड्यावर ते दिसणारच. शिवाय मॅट ओलावा शोषते, तिच्यावरचे रेझिन, म्हणजे थर बांधणारे चिकट द्रव, पांढुरके पडते आणि नीट कडक होत नाही. म्हणून हे काम मार्च ते मेच्या मध्यापर्यंत करावे. मासेमारीचे काही दिवस बुडतील, हे आम्ही जाणतो. पण नदीच्या मुखावर लाटेत इंजिनासकट फळी सुटली तर माणसेच धोक्यात येतात.

प्लाय घेताना शिक्क्यावर आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचे मानक, आहे का ते पाहावे. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारा प्रत्येक प्लाय मरीन नसतो. जुनी जाडी मोजून तेवढीच ठेवावी. बऱ्याच होड्यांत १८ मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ती येते. प्लायच्या कडांना रेझिन पिऊन घेईपर्यंत पाजावे. रेझिनमध्ये आमचा कौल इपॉक्सीला. पॉलिएस्टर स्वस्त पडते, पण लाकडाला आणि जुन्या थराला इपॉक्सीइतके धरत नाही. इपॉक्सीसोबत साधी मॅट नको, विणलेले कापड वापरावे, कारण मॅटचे तंतू बांधणारे द्रव्य पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही. वरून जेलकोटऐवजी (पॉलिएस्टरचा रंगीत वरचा थर) पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन रंग द्यावा. पॉलिएस्टरच वापरायचे असेल तर ४५० ग्रॅमच्या मॅटला चौरस मीटरमागे सुमारे १ किलो रेझिन आणि किलोला १० ते २० मिली हार्डनर लागतो. रेझिन लवकर कडक व्हावे म्हणून घालायचे कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, त्यानंतरच हार्डनर. ही दोन्ही द्रव्ये थेट एकत्र आली तर भडका उडतो, स्फोटही होतो. मदतीला येणाऱ्या पोरांना हे आधी सांगा.

नवा प्लाय चिकटवताना क्लँप इतके आवळू नयेत की सगळे रेझिन बाहेर पिळून निघेल. कोपऱ्यांत पुट्टीची गोलाई द्यावी आणि थर बाजूंवर व तळावर १५० मिमीपर्यंत न्यावेत, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे. जुन्या थराला जोड देताना जाडीच्या बारापट उतार घासावा, ५ मिमीला ६० मिमी. गाडीच्या बॉडीची पुट्टी इथे चालत नाही, ती पाणी पिते. १२ मिमीच्या बोल्टसाठी आधी १८ मिमीचे भोक पाडून घट्ट इपॉक्सीने भरावे, ते कडक झाल्यावर मधोमध १२ मिमीचे पाडावे. बोल्ट एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे, फटी बुजवायचे सीलंट पॉलीयुरेथेन. सिलिकॉन लावलेल्या जागी पुढे काहीच चिकटत नाही.

हॅचची, म्हणजे होडीतल्या खणांची झाकणेही याच रोगाने जातात, बिजागरीच्या स्क्रूंपासून. नव्या झाकणात प्लायऐवजी पीव्हीसी फोम घालावा, स्क्रूंच्या जागी तेवढा इपॉक्सीचा भरीव तुकडा. तोंडाभोवती उंबरा आणि पन्हळ हवी, आणि पन्हळीचे पाणी नळीने बाहेर जावे, खणात नव्हे. गॅस्केट बंद छिद्रांच्या रबराचे घ्यावे, साधा स्पंज पाणी धरतो.

ज्यांना उन्हाळ्यात होडी थांबवणे परवडतच नाही, त्यांच्यासाठी मच्छीमारी खात्याने मालीम, शापोरा, कुटबण आणि तळपण इथे पक्क्या छपराची, वीज आणि गोडे पाणी असलेली एकेक शेड बांधून द्यावी. बाजू बंद करता आल्या आणि आत हवा कोरडी करणारे यंत्र बसवले, तर जुलैतही फळी वाळवून बंद करता येईल.

आपले,
फायबर होड्यांचे काम करणारे कारागीर,
बेती, गोवा