चित्रकार्डांची भीती नको

महोदय,

स्वमग्न मुलासाठी चित्रकार्डे सुचवली की 'याची सवय लागली तर तो बोलणारच नाही' ही शंका बहुतेक घरांत निघते. तिच्यापायी शिकण्याची मोलाची वर्षे वाया जातात. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात १९८५ मध्ये विकसित केलेली 'पेक्स' ही कार्डपद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात मूल हव्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हातात देऊन ती वस्तू मागते. कार्डांमुळे बोलणे मागे पडते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. काही मुलांचे शब्द तर वाढले.

चुकते ते सुरुवातीलाच. पहिल्या टप्प्यात कार्ड एकच आणि मोठी माणसे दोन लागतात. आई राजगिऱ्याच्या वडीचा नखाएवढा तुकडा दाखवत समोर बसते, दुसरी व्यक्ती मुलाच्या पाठीमागे. मुलाने वडीकडे हात नेला की मागची व्यक्ती न बोलता तोच हात कार्डाकडे वळवते, कार्ड उचलायला लावते आणि आईच्या तळहातावर ठेवायला लावते. आईने तत्क्षणी 'वडी!' म्हणून तुकडा द्यायचा. त्याआधी 'काय पाहिजे? बोल ना!' अजिबात नको. नाहीतर मूल विचारण्याची वाट बघत बसते, आपणहून मागत नाही. मागच्या हाताची मदत शेवटाकडून काढायची: आधी कार्ड सोडताना, मग पुढे करताना, सर्वांत शेवटी उचलताना. हे जमले की आईने पावलापावलाने लांब सरकायचे. दोन कार्डांतून निवड त्यानंतर, तीही वडी आणि पायमोजा अशी ठळक फरकाची. पहिल्याच दिवशी फ्रिजवर वीस चित्रे चिकटवली तर मूल हाताला येईल ते देते. आणि कार्डे थेरपीच्या पिशवीत बंद राहिली, तर घरी मागायचे कशाने?

जी मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणतात, त्यांच्यासमोर वाक्य त्यांच्या तोंडचे हवे. पाणी देताना 'तुला पाणी हवंय?' असे रोज विचारले, तर मूल तेच म्हणून पाणी मागते. तिथे 'मला पाणी दे' म्हणावे. मुलगा असेल तर आईनेही 'मी जातो' असाच नमुना द्यावा.

आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवताच बोलणारे अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही आहे. पण थेरपिस्टसमोरचा आठवड्यातला पाऊण तास पुरत नाही, मग साधन कोणतेही असो. मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या, जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांनी पालकांना दाराबाहेर बसवू नये. मुलामागच्या खुर्चीवर बसवून हे हाताने करून घ्यावे आणि पहिले कार्ड त्याच दिवशी घरी न्यायला द्यावे.

– एक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ