वारा सुटला की पक्षी बघा

संपादक महोदय,

शरदातल्या भणभणत्या सकाळी पक्षी बघायला निघालो की घरचे वेड्यात काढतात. दुर्बीण हातात ठरत नाही, डोळ्यांतून पाणी येतं, हे खरंच. पण स्थलांतर बघायला मला तीच सकाळ आवडते. वारा मागून असला की थवे इतक्या उंचावरून निघून जातात की पत्ताही लागत नाही. समोरून आला की ते खाली उतरतात, कारण जमिनीलगत वाऱ्याचा जोर कमी असतो. परवा माळभिंगऱ्या गवताला घासून जात होत्या. एक तर अगदी माझ्या गुडघ्याजवळून गेली! डोंगराच्या धारेवर मजा वेगळी. उताराला आपटून वर चढणाऱ्या हवेवर शिकारी पक्षी पंखही न हलवता पुढे सरकतात.

२०२२ साली गॉडविट जातीच्या एका पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत, कुठेही न टेकता कापलं. वय जेमतेम पाच महिने! हे सगळं अंगात साठवलेल्या चरबीवर.

म्हणूनच परवाचा एक प्रकार खटकला. उडता थवा टिपायचा म्हणून एका हौशी छायाचित्रकाराने पाणथळीत विसावलेल्या पक्ष्यांवर दगड भिरकावला. थकून उतरलेल्या जिवाला असं उठवलं की ती चरबी फुकट जळते. थोडं थांबला असता, तर ते आपणहून उडालेच असते.

– एक पक्षीप्रेमी वाचक