पावलांच्या उपचारांसाठी अध्यापकपदे हवीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनानिमित्त, कोकणात साखर तपासणीची शिबिरे होतात. रुग्णाचे बोट टोचले जाते, पाऊल मात्र चपलेतच राहते. नोकरीची बरीच वर्षे ड्रेसिंग रूममध्ये काढलेली परिचारिका म्हणून सांगते, की पायाची जखम चिघळल्यावर येणाऱ्या अनेक मधुमेहींना ती कधी झाली हेच ठाऊक नसते. समुद्राकाठच्या खडपावर कालवे काढताना शिंपल्याने तळवा कापला, तरी मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाला कळत नाही. पावसाळ्यात वर चिखल्या असतातच. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून ही बधिरता काही मिनिटांत ओळखता येते, पण ते काम कोणाचे, हे ठरलेलेच नाही.

अमेरिकेत पोडियाट्रीचा, म्हणजे पावलांच्या उपचारशास्त्राचा, चार वर्षांचा स्वतंत्र वैद्यकीय अभ्यासक्रम आणि त्यानंतर तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण असते. त्यातून बाहेर पडलेली व्यक्ती पुढे अध्यापक, प्रशिक्षणप्रमुख, अगदी अधिष्ठाताही होऊ शकते. आपल्याकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांवर केलेले काम पुढे जगभर मधुमेहींच्या उपयोगी पडले, आणि कोचीच्या अमृता रुग्णालयात पोडियाट्रिक सर्जरीचा विभागही आहे. इथे कोकणात मात्र एखादा हौशी सर्जन पायांची ओपीडी सुरू करतो, त्याची बदली होते आणि दारावरची पाटी तेवढी उरते. पुढे बढती नाही, शिकवायला विद्यार्थी नाहीत, अशा वाटेला हुशार तरुण डॉक्टर का जाईल?

अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे शल्यचिकित्सा विभागात पाऊल उपचार कक्ष काढून त्यासाठी सहायक प्राध्यापकाचे एक पद मंजूर करावे आणि त्या पदाला पुढच्या बढतीची वाट ठेवावी. कक्षाचे रोजचे नेतृत्व दरवेळी सर्जनकडेच असावे असेही नाही; जखमा हाताळण्यात मुरलेली परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट ते सांभाळू शकेल, मात्र तिला प्रशिक्षण, अधिकार आणि वेतनश्रेणी द्यावी लागेल. फिजिओथेरपीसारख्या संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली झालेल्या केंद्रीय कायद्याच्या चौकटीत राज्याने अशा अभ्यासक्रमाचा विचार करावा. बधिर पावलांसाठीच्या एमसीआर या मऊ रबराच्या चपला मापाने बनवणारा कारागीरही कक्षातच बसावा, कारण त्यासाठी मुंबईला जा म्हटले की रुग्ण जात नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मालवण